मेक्सिकोतल्या घरगुती फोंड्यात जेवायचं कसं, आणि प्यायचं काय

आयटीच्या प्रोजेक्टवर ग्वादालाहारा, मोंतेरेय किंवा केरेतारोला आलेला मराठी माणूस पहिले काही आठवडे मॉलमधल्या फूड कोर्टावर, नाहीतर सोबत आणलेल्या कुकरवर काढतो. दोन्ही समजण्यासारखं आहे. भाषा येत नाही, कशात कसलं मांस पडलंय ते कळत नाही, आणि पुण्या-मुंबईत 'मेक्सिकन' म्हणून जे खाल्लेलं असतं, म्हणजे चीजमध्ये बुडालेले नाचोज आणि कडक टाको, त्यातलं इथे जवळजवळ काहीच दिसत नाही. पण ऑफिसच्या मागच्या गल्लीत एखाद्या घराच्या तळमजल्यावर सहा-सात टेबलं मांडलेली असतात. बाहेर फळ्यावर आजचा बेत खडूनं लिहिलेला असतो आणि आत काचेच्या बुटक्या बरण्यांत लाल, पांढरं, तपकिरी पेय भरून ठेवलेलं असतं. हा फोंडा. गोव्यातल्या फोंड्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडची घरगुती खाणावळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. आई चुलीपाशी, मुलगा टेबलांवर, मावशी टॉर्टिया भाजायला, आणि गल्ल्यावर बहुतेक वेळा आजी.

अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: फोंडा कसा आहे हे जेवणावरून नंतर कळतं, त्या बरण्यांवरून आधी कळतं.

दुपारी दोनला पोचा

मेक्सिकोत दिवसाचं मुख्य जेवण दुपारी उशिरा होतं, साधारण दोन ते चारच्या दरम्यान. फोंड्यांचं जेवण एकच्या सुमारास सुरू होतं. आपल्या सवयीनं साडेबाराला गेलात तर भाताखाली आच चालूच असते, आणि साडेचारला गेलात तर फळ्यावरच्या चांगल्या पदार्थांवर काट मारलेली असते. दोनच्या गर्दीतच घुसा. जागेसाठी पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल, कारण त्या वेळी पातेली भराभर रिकामी होत असतात आणि समोर येणारं सगळं गरम असतं.

रात्री बहुतेक फोंडे बंद असतात. ऑफिसांच्या भागातले रविवारीही बंद. सकाळी काही ठिकाणी न्याहारी मिळते: अंडी, किंवा तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर तिखट रस्सा ओतलेले चिलाकिलेस.

ओळखायचं कसं? पाटीवर 'फोंडा' असेलच असं नाही. 'कोमिदा कोर्रिदा', 'कोमिदा कासेरा', 'मेनू देल दिया' किंवा 'कोसिना इकोनोमिका' यांपैकी काहीही लिहिलेलं दिसलं की आत शिरायला हरकत नाही. युकातानात, मेरिदाच्या बाजूला, कोसिना इकोनोमिकातून लोक डबे भरून भाजी घरी नेताना दिसतील. तिथे अर्धी किंवा पूर्ण ऑर्डर अशी विक्री चालते. आणि प्रत्येक शहराच्या मंडईत फोंड्यांची एक अख्खी ओळ असते. तिथे टेबल मिळत नाही, कट्ट्यासमोरच्या बाकावर अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं. मला मंडईतले फोंडे जास्त आवडतात. समोरच पातेली उघडी असतात, बोट दाखवून मागता येतं, आणि स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही.

ताट कसं येतं

आत शिरताना सगळ्यांना उद्देशून 'बुएनास तार्देस' (शुभ दुपार) म्हणायचं. हे टाळू नका. न बोलता येऊन बसणारा माणूस इथे उद्धट ठरतो, परदेशी असला तरी.

मेनूकार्ड बहुधा नसतं. मुलगा येऊन आजचं काय काय आहे ते एका दमात म्हणून दाखवतो. ते सगळं कळलं नाही तरी क्रम ठरलेला आहे, तेवढा लक्षात ठेवला की पुरतं. आधी पातळ सूप: शेवयांचं, भाज्यांचं किंवा मसूराचं. मग भात किंवा पास्ता, हा वेगळा येतो आणि वेगळाच खायचा. भातावर कालवण ओतायची आपली पद्धत इथे नाही. भातावर एक तळलेलं अंडं घालून मागता येतं, थोडे पैसे जास्त पडतात. तिसऱ्या फेरीला 'गिसादो', म्हणजे दिवसाचा मुख्य पदार्थ, तीन-चारांतून एक निवडायचा. सोबत उकडलेला किंवा घोटलेला घेवडा, फडक्यात गुंडाळलेल्या गरम टॉर्टिया, आणि पेय. कधी शेवटी जेलीचा तुकडा किंवा तांदळाची खीर. या सगळ्याचे मिळून एकच दर असतात, शहर आणि गल्ली पाहून साधारण 80 ते 150 पेसो.

टॉर्टिया संपल्या की मागून घ्या, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात. फडकं उघडून एक काढली की लगेच पुन्हा झाकायचं. उघडं ठेवलं तर सगळ्या गार आणि चिवट होतात, आणि शेजारच्या टेबलावरची बाई तुमच्याकडे बघून स्वतःच ते झाकेल. ही टॉर्टिया मक्याची असते, पण आपल्या मक्याच्या भाकरीसारखी लागत नाही, कारण मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, साल काढून मग ओला दळतात. त्या चुन्यामुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. मक्यावर जगणाऱ्या या लोकांनी ही युक्ती हजारो वर्षांपूर्वीच काढली. 2010 साली युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही हा चुना आहेच.

आधी पाण्याचं विचारा

ताटाबरोबर जे येतं त्याला इथे नुसतं 'आग्वा', म्हणजे पाणी म्हणतात. पूर्ण नाव आग्वा फ्रेस्का. ते साधं पाणी नव्हे. फळ, फूल, धान्य किंवा बी पाण्यात वाटून, साखर घालून, गाळून केलेलं हे पेय असतं, आणि दर दिवसाला वेगळं. म्हणून बसल्या बसल्या पहिला प्रश्न हा टाकायचा: 'दे के एस एल आग्वा?' आज पाणी कशाचं आहे?

उत्तरात बहुधा पुढच्यापैकी काहीतरी येईल.

हामाइका. गडद लाल, आंबट. वाळलेल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं पाणी. विदर्भात जिथे अंबाडीची भाजी आणि बोंडांचं सरबत होतं तिथल्या माणसाला पहिल्याच घोटात ओळख पटेल. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन. तेलकट जेवणावर याच्याइतकं चांगलं काही नाही.

तामारिंदो. चिंच, अर्थातच. चिंच मुळात मेक्सिकोची नाही. इतकी वर्षं झाली तरी आजही मेक्सिकन माणसाला ती आपलीच वाटते, आणि चिंचेच्या गोळीवर तिखट-मीठ लावून खाणारी पोरं पाहिली की वाद घालावासा वाटत नाही.

ओर्चाता. पांढरं, दुधाळ दिसणारं. तांदूळ दालचिनीबरोबर भिजवून, वाटून, गाळून करतात. काही जण दूधही घालतात. स्पेनमध्ये, वालेन्सियाला, हेच नाव असलेलं पेय एका कंदाचं करतात. मेक्सिकोत तांदूळ आला. दक्षिणेकडच्या वाहाका शहरात तर यात निवडुंगाच्या लालभडक फळाचा गर, खरबुजाचे तुकडे आणि अक्रोड घालून देतात. तिथल्या बेनितो हुआरेस मंडईत गेलात तर पेला आणि चमचा दोन्ही हातात मिळतील.

लिमोन कोन चिया. लिंबू-पाणी, वर फुगलेलं चियाचं बी. आपल्याकडे हल्ली महागड्या पाकिटातून येणारं चिया मूळचं इथलंच, आणि इथे ते कुणी आरोग्यासाठी म्हणून पीत नाही. याशिवाय ऋतूप्रमाणे पेरू, कलिंगड, अननस, काकडी-लिंबू. ओट्सचंही करतात.

आता परीक्षा. त्या काचेच्या बुटक्या बरण्यांना विट्रोलेरो म्हणतात. जरा वाकून त्यांच्या तळाकडे बघा. ओर्चाता खरी असेल तर तांदळाचा गाळ खाली बसलेला असतो आणि बाई प्रत्येक पेल्याआधी लांब दांड्याच्या डावानं तळापासून ढवळून घेते. तामारिंदोत चिंचेच्या शिरा तरंगत असतात. पेरूच्या पाण्यात गराचा जाड थर वर आलेला असतो. हामाइका पेल्यात ओतल्यावर काठाला जांभळट दिसते, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या दोन्ही बाजू आकसतात. उलट वरपासून खालपर्यंत एकसारखा, काचेसारखा स्वच्छ, भडक रंग असेल आणि तोंडात आधी साखर आणि मग फक्त साखरच लागली तर ते पावडरीचं पाणी. जी बाई बारा वाजता तांदूळ वाटायचा कंटाळा करत नाही, ती सूपही पाकिटातून काढत नाही. अपवाद असतील, पण मी या नियमावर चालतो आणि माझं पोट भरतं.

दोन सावधगिऱ्या. 'आग्वा मिनेराल' मागितलंत तर सोडा येईल, फसफसणारा. साधं पिण्याचं पाणी हवं तर 'आग्वा नातुराल' म्हणा. आणि मधुमेह असेल तर बरणीतलं पाणी टाळाच, कारण साखर आधीच पडलेली असते. त्याऐवजी 'लिमोनादा सिन आसुकार' मागा. ती पेल्यापुरती समोर पिळून देतात.

ताटाबरोबर एक पेला बहुधा दरात धरलेला असतो. दुसरा फुकट की विकत हे ठिकाणावर आहे, विचारून घ्या.

शाकाहारी असाल, किंवा गोमांस खात नसाल

इथे थोडं थांबून नीट वाचा, कारण घोळ इथेच होतात.

'सोय वेहेतारियानो' (बाईनं 'वेहेतारियाना' म्हणायचं) एवढं पुरत नाही. समोरची बाई मनापासून 'हो हो' म्हणेल आणि भात आणून देईल, जो कोंबडीच्या रश्शात शिजलेला असेल. तिच्या लेखी त्यात मांस नाहीच. हॅमचंही तसंच: 'कार्ने' नको म्हटलं की गाईचं-डुकराचं ताजं मांस नको एवढंच काहींना कळतं. म्हणून एकेक नाव घेऊन सांगायचं: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन काल्दो दे पोयो, सिन मान्तेका.' मांस नको, कोंबडी नको, हॅम नको, कोंबडीचा रस्सा नको, डुकराची चरबी नको. ही शेवटची मान्तेका सगळ्यात लबाड. घोटलेल्या घेवड्यात, तामालच्या (पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा पदार्थ) पिठात आणि उत्तरेकडच्या मैद्याच्या टॉर्टियात ती सर्रास असते. मोंतेरेयला राहणाऱ्यांनी मैद्याची सोडून मक्याची टॉर्टिया मागावी. तिच्यात मका, चुना आणि पाणी एवढंच. घेवडा 'दे ला ओया', म्हणजे भांड्यात नुसता उकडलेला मागा, आणि त्यातही विचारून घ्या.

मग खायचं काय? चीज भरलेली मोठी मिरची, चिले रेयेनो दे केसो. मिरचीच्या पट्ट्या सायीत शिजवलेल्या, राहास कोन क्रेमा. याच्याबरोबर टॉर्टिया किती जातात ते मोजू नये. निवडुंगाच्या पानांची भाजी, नोपालेस, भेंडीसारखी थोडी बुळबुळीत पण आंबटसर. बटाट्याच्या टिक्क्या टोमॅटोच्या रश्शात. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया. पावसाळ्यात मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी, वित्लाकोचे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, अळंब्यांच्या घराण्यातली चव आहे. आणि उकळून झालेली अंबाडीची बोंडं टाकून न देता कांद्यावर परतून टॉर्टियात भरतात, तेही हल्ली बऱ्याच ठिकाणी मिळतं. राजधानीत मात्र केसादिया मागताना 'कोन केसो' म्हणायला विसरू नका. तिथे केसादियात चीज असतंच असं नाही, आणि या विषयावर राजधानीवाले आणि बाकीचा देश यांच्यात कायमचं भांडण आहे.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, विशेषतः शुक्रवारी, फोंड्यांत बिनमांसाचे पदार्थ वाढतात. शाकाहारी माणसाला वाटतं आपला सण आला. पण मासे आणि कोळंबी त्या उपवासाला चालतात. रोमेरितोस नावाच्या छान हिरव्या पालेभाजीत सुकटीच्या वड्या सोडलेल्या असतात.

गोमांस टाळणाऱ्यांसाठी शब्द: रेस, बिस्तेक, आर्राचेरा, सुआदेरो ही सगळी गाई-बैलाचीच. पिकादियो म्हणजे खिमा, बहुधा गोमांसाचा. सेसिना बहुतेक ठिकाणी गोमांसाची, वाहाकात डुकराचीही. डुक्कर: सेर्दो, पुएर्को, कार्नितास, आल पास्तोर, चोरिसो, चिचार्रोन. कोंबडी: पोयो, पेचुगा, तिंगा बहुधा कोंबडीची असते. मिलानेसा दोन्हीची होते, तेव्हा 'दे पोयो?' असं विचारल्याशिवाय होकार देऊ नये. बार्बाकोआ मध्य मेक्सिकोत मेंढीची आणि उत्तरेत बहुधा गाईची.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना खोटं आश्वासन देत नाही. फळं, साधी टॉर्टिया, लिंबू-मीठ लावलेली काकडी आणि बरणीतलं पाणी यांवर दुपार भागेल, जेवण होणार नाही.

तिखटाचं आपल्याला कोण काय शिकवणार, असं वाटतं. मिरची मुळात इथलीच आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली हे मनात ठेवून टेबलावरची चटणी आधी टॉर्टियाच्या टोकाला लावून बघा. हिरवी लालपेक्षा सौम्य असेल हा अंदाज इथे वारंवार चुकतो. युकातानात आबानेरो मिरचीची चटणी दिसायला साधी केशरी असते.

फोंड्याबाहेरची पेयं, गावागणिक

आग्वा फ्रेस्का देशभर एकच. खरी मजा त्या त्या प्रांताच्या पेयांत आहे, आणि ती बहुतेक रस्त्यावर किंवा मंडईत मिळतात.

ग्वादालाहाराला असाल तर तेहुइनो. मक्याचं ओलं पीठ गुळासारख्या पिलोन्सियोबरोबर शिजवून दाट करतात आणि एक-दोन दिवस आंबवतात. गाडीवाला काय करतो ते उभं राहून बघा. पेल्यात आधी बर्फ, त्यावर अर्धं-पाऊण लिंबू पिळतो, जाडं मीठ चांगलं चिमूटभर टाकतो, मग तपकिरी दाट तेहुइनो ओततो आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार सोडत दोन-तीनदा फेसाळतो. शेवटी वरून लिंबाच्या बर्फाळ आइस्क्रीमचा एक गोळा सोडतो. गोड, खारट, आंबट आणि थोडं आंबूस, सगळं एकदम. पहिल्या घोटाला माणूस गोंधळतो. पेला अर्धा होईपर्यंत मत देऊ नका. नशा म्हणण्यासारखी नसते.

त्याच पट्ट्यात खाली समुद्राकडे, कोलिमा राज्यात, तुबा मिळते. ही नारळाची माडी. 1565 ते 1815 या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतं ये-जा करत. त्यांच्यातून आलेल्या फिलिपिनो लोकांनी इथे नारळाच्या पोयीतून रस काढायची विद्या आणली आणि ती कोलिमात रुजली. तुबावाला खांद्यावरच्या काठीला मोठे वाळके भोपळे अडकवून फिरतो. ताजी तुबा सकाळची गोडसर असते; फळांचे तुकडे आणि खारे शेंगदाणे घातलेलीही मिळते. कोकणी किंवा गोयंकार माणसानं ती एकदा प्यावीच आणि भोपळेवाल्याशी हातवाऱ्यांनी गप्पा माराव्यात. त्यालाही माडावर कसं चढतात यात रस असतो.

वाहाकात तेहाते. भाजलेला मका, कोको, मामेय फळाची बी आणि कोकोच्या नावानंच ओळखलं जाणारं एक सुवासिक फूल, असं सगळं वाटून त्याचा गोळा बायका मातीच्या प्रचंड परातीत हातानं, कोपरापर्यंत बुडवून, पाण्यात कालवत राहतात. वर पांढरा, दाणेदार फेसाचा थर जमतो. खरी कसोटी त्या फेसाची. रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीतून देतात, फेस आधी. शहराजवळचं सान आंद्रेस वायापाम हे गाव तेहातेसाठी प्रसिद्ध. दूध नाही, चरबी नाही, त्यामुळे शुद्ध शाकाहारीही निर्धास्त पिऊ शकतो. चियापास आणि ताबास्को राज्यांच्या उन्हात तेहातेची जागा पोसोल घेतं: मक्याचं पीठ आणि कोको पाण्यात कालवून, शेतावर नेण्याजोगं.

थंड सकाळी राजधानीत मेट्रो स्टेशनबाहेर वाफाळती मोठी पातेली दिसतील. त्यात आतोले, मक्याच्या पिठाची गरम, पातळ खीर म्हणा. चॉकलेट घातलं की ती चांपुर्रादो. लोक त्याबरोबर तामाल खातात, आणि तो तामाल पावात घालून देतात, म्हणजे पिठात पीठ. याला वाहोलोता म्हणतात आणि एक खाल्ल्यावर दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. तामालमधली मान्तेका शाकाहाऱ्यांनी आठवावी आणि नुसता आतोले घ्यावा. फोंड्यांत सकाळी काफे दे ओयाही मिळतो, मातीच्या भांड्यात दालचिनी आणि पिलोन्सियो घालून उकळलेली कॉफी. दूध नसतं. मागू नका, चव बिघडते.

उरली दोन, ज्यांत दारू आहे. तेपाचे अननसाच्या सालींचं, किंचित आंबलेलं, एक-दोन टक्के अल्कोहोल. गाडीवर लहान मुलांनाही देतात, पण घेत नसाल तर माहीत असलेलं बरं. पुल्के मात्र उघड मद्य, बिअरच्या आसपासचं. मागेय नावाच्या मोठ्या घायपाताच्या जातीच्या झाडाचा रस आंबवून करतात. झाड तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, मग काही महिने रस देतं आणि मरतं. पुल्के टिकत नाही, रोजच्या रोज आंबत राहतं, त्यामुळे बाटलीबंद होऊन आपल्या दुकानांत यायचं नाव नाही. इदाल्गो आणि त्लाश्काला ही त्याची राज्यं. साधं पुल्के चिकट, तार धरणारं असतं आणि बऱ्याच जणांना पहिल्यांदा झेपत नाही. फळ घातलेलं 'कुरादो' मागा, पेरूचं किंवा ओट्सचं. नुसत्या चवीला थोडं द्या म्हटलं तर देतात.

पोट, पैसे, निरोप

बर्फाची भीती सगळ्यांना असते. बर्फ गोल, मधे भोक असलेला असेल तर तो कारखान्यातला, शुद्ध पाण्याचा. पेयाचं पाणी 20 लिटरच्या गार्राफोनमधून, म्हणजे मोठ्या जारमधून येतं. तो कोपऱ्यात उभा दिसला की काळजी मिटली. नळाचं पाणी इथले लोकही पीत नाहीत. पहिल्या आठवड्यात कच्च्या पालेभाज्या आणि ओसाड ठेल्यावरचं कापलेलं फळ टाळा. गर्दीच्या ठिकाणी त्रास क्वचितच होतो.

बिल आपणहून येत नाही. तासभर बसून राहिलात तरी येणार नाही, कारण न मागता बिल आणणं म्हणजे उठा म्हणणं. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणा, किंवा हवेत लिहिल्याची खूण करा. रोकड ठेवा, आणि 500ची नोट दुपारी दोनला पुढे करू नका, आजीकडे सुटे नसतात. टिप फोंड्यात दहा टक्के पुरते. मंडईतल्या कट्ट्यावर वरचे सुटे ठेवले तरी चालतं.

हाक मारायची तर पोराला 'होवेन', मालकिणीला 'सेन्योरा'. टिचकी वाजवणं किंवा शिट्टी नाही. उठून जाताना वाटेतल्या टेबलांवरच्या अनोळखी माणसांना 'प्रोवेचो', म्हणजे 'जेवण छान होवो', म्हणायचं. तेही म्हणतात. आधी अवघडल्यासारखं होतं, नंतर सवय लागते, आणि मग पुण्याला गेल्यावर हॉटेलात अनोळखी टेबलाकडे बघून जीभ वळवळते.

घरी करायचं तर

मंडईत हामाइका वजनावर मिळते. काळपट नको, गडद मरून, अखंड, हाताला लवचिक लागणारी घ्या. दोन लिटर पाण्याला मोठी वाटीभर, साधारण 30 ग्रॅम, स्वच्छ धुऊन, निम्म्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची. गार झाल्यावर गाळून उरलेलं पाणी आणि चवीपुरती साखर. भारतात वाळलेली लाल अंबाडीची बोंडं मिळाली तर तीच वापरा. भांडं ॲल्युमिनियमचं नको, आंबट आहे.

ओर्चातासाठी एक वाटी तांदूळ दालचिनीच्या एका मोठ्या काडीबरोबर रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यासकट मिक्सरमधून अगदी बारीक करा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळा, दीड लिटरपर्यंत पाणी वाढवा, साखर आणि हवं तर कपभर दूध. बासमती नको, साधा तांदूळ चांगला लागतो. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, पिताना ढवळायचं.

तेपाचे सगळ्यात स्वस्त, कारण अननस तर तुम्ही खाऊन टाकलेला असतो. पिकलेला, शक्यतो न फवारलेला अननस साध्या पाण्यानं धुवा. साबण नको, खसखसून घासणं नको. आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं. साली आणि मधला दांडा काचेच्या मोठ्या बरणीत घाला, दोन लिटर पाणी, 200 ग्रॅम पिलोन्सियो किंवा आपला गूळ, दालचिनीची काडी, तीन-चार लवंगा. साली बुडालेल्या राहायला हव्यात, वर बशी ठेवली तरी चालेल. तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पांढरा फेस येईल, तो चमच्यानं काढून टाकायचा. हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळंच फेकून द्या. पुण्याच्या डिसेंबरात तीन दिवस लागतील, मुंबईच्या मे महिन्यात दीड दिवसातच तयार होईल. रोज चव घेत राहा. गोड-आंबट जमलं की गाळा आणि फ्रिजमध्ये टाका. विसरलात आणि आठवडा गेला तर अननसाचं व्हिनेगर झालेलं असतं; मेक्सिकन बायका ते मुद्दाम करतात आणि लोणच्यात वापरतात. बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि झाकण दिवसातून एकदा सैल करा. फ्रिजमध्येही वायू होत राहतो, आणि गच्च बंद बाटली फुटली की काचा भाजीच्या ड्रॉवरपर्यंत जातात.